चावी कुणाकडे?

मराठीत 'सही' म्हणजे हस्ताक्षर. उर्दूत 'सहीह' म्हणजे खरं, बिनचूक. शब्द एकच, अरबीतून आलेला. हदीसच्या संग्रहांना आपण 'सहीह बुखारी', 'सहीह मुस्लिम' म्हणतो, त्यातला सहीह आणि तलाठ्याच्या कागदाखालची सही ही सख्खी भावंडं आहेत. दाखला, नक्कल, सनद, शिक्का, मोहर... उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना मी हे शब्द फळ्यावर लिहिते, तेव्हा मुलांचे चेहरे खुलतात. अरे, हे तर घरातलेच! तोवर मराठी त्यांना परकी वाटत असते.

हे शब्द मी वीस वर्षं शिकवत आले. पण दाखला म्हणजे नेमकं काय, आणि सही म्हणजे काय, याचा कीस मी पहिल्यांदा पाडला तो संगणकाच्या काळ्या पडद्यापुढे बसून.

झालं असं, की उर्दू-मराठी शब्दांची माझी एक छोटी वेबसाइट आहे. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ती उभी करून दिली. पुढे त्याला कतारला नोकरी लागली. जाण्याआधी घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, सर्व्हरची चावी आणि सर्टिफिकेट तुम्हीच बघत जा. मी तिकडून करीन, पण मग चावी माझ्याकडे राहील. ते बरं नाही." त्या पोराचं हे वाक्य मला अजून आवडतं. त्याने दोन संध्याकाळी बसून शिकवलं. आज्ञा मी वहीत देवनागरीत लिहून घेतल्या, 'ओपनएसएसएल रेक डॅश न्यू' अशा. तो हसला. पण बालवाडीपासून आपण असंच शिकत आलोय, ऐकू येईल तसं लिहून घ्यायचं. टाइप करताना रोमन करते, एवढंच.

वेबसाइटची जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या हल्ली एक बटण देतात. ते दाबलं की पत्त्याशेजारी कुलूप दिसतं. काम होतं, नाही असं नाही. पण चावी कुठे बनली, कुणाच्या यंत्रावर, तिची नक्कल कुणाकडे आहे, हे बटण सांगत नाही. काळ्या पडद्यावर प्रत्येक पायरी आपल्या बोटांखालून जाते. आधी चावी, मग अर्ज, मग दाखला. तिन्ही वेगळ्या फायली, आणि आपणच त्यांना नावं द्यायची.

चावी बनवण्याची आज्ञा दिली की पडद्यावर ठिपके उमटू लागतात. मधूनच अधिकचिन्हं. मला वाटलं, यंत्र वेळ काढतंय. तसं नाही. संगणक प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधत असतो. एकेक ठिपका म्हणजे चाचणीला उभी राहिलेली एकेक संख्या, आणि अधिकचिन्ह म्हणजे चाचणीची एक फेरी पार पडली. अशा दोन संख्या मिळाल्या की त्यांचा गुणाकार करायचा. नेहमीच्या २०४८ बिटांच्या आरएसए चावीत हा गुणाकार ६१७ अंकी असतो आणि त्या दोन मूळ संख्या प्रत्येकी तीनशेच्या आसपास अंकांच्या. गुणाकार जगाला दाखवला तरी चालतो. त्यातून मूळच्या दोन संख्या परत काढणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही रीत बसवली, त्यांच्याच नावांच्या आद्याक्षरांवरून आरएसए. त्याच्या आदल्या वर्षी डिफी आणि हेलमन यांनी 'एक चावी उघड, एक गुप्त' ही कल्पना जगापुढे मांडली होती.

इथे भाषेची एक अडचण आहे. 'चावी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या 'शाव्ह'वरून. आपल्या मनात चावी म्हणजे कमरेला खोचायची, आईने उशीखाली ठेवायची वस्तू. एक चावी लपवा आणि दुसरी गावभर वाटा, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वेड लागायची पाळी. मी वर्गात सांगायची वेळ आली तर मोहर म्हणीन. मोहर धन्याच्या पेटीत, तिचा ठसा मात्र सगळ्या मुलखाला ठाऊक. ठसा बघून कुणीही ओळखावं की कागद अस्सल आहे. पण ठसा माहीत आहे म्हणून कुणाला मोहर कोरता येऊ नये. नेमकी ही शेवटची गोष्ट जुन्या मोहरेला जमत नव्हती, चांगला कारागीर ठसा बघून नकली मोहर करू शकायचा. गणिताने ते साधलं. (या जोडीचा दुसरा उपयोगही आहे. उघड चावीने बंद केलेला मजकूर फक्त गुप्त चावीने उघडतो. पण आज मला सहीविषयीच बोलायचंय.)

जुन्या मराठी पत्रांत शिक्का वर असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. आता इथे पत्राची मर्यादा झाली, याखाली कुणी ओळ घुसवली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. मोर्तब हा शब्द अरबी 'मुरत्तब'चा. शिक्कामोर्तब झालं असं आपण सहज बोलून जातो, पण त्यात केवढी हुशारी आहे! शिक्का सांगतो कुणाचं, मोर्तब सांगतं कुठवर. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. संगणक सगळ्या मजकुराचा एक ठरावीक लांबीचा अर्क काढतो, शा-२५६ पद्धतीने काढला तर ६४ खुणांचा, आणि सही होते ती त्या अर्कावर. मजकुरात काडीचा फरक पडला की अर्क पार बदलतो. मी गंमत म्हणून एकाच ओळीच्या दोन फायली केल्या, एकीत 'ज' आणि दुसरीत नुक्ता दिलेला 'ज़'. दोन्ही अर्क शेजारी ठेवले तर एकमेकांशी काही नातं आहे असं कुणी म्हणणार नाही. उर्दू शिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या लिपीत वरचा नुक्ता खाली घसरला की 'खुदा'चा 'जुदा' होतो.

तयार झालेली फाइल उघडली तर सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच आडव्या रेघा, मध्ये अक्षरांचा गिचमिड काला. फायलीच्या नावामागे लागतं ते 'पेम'. ते एका जुन्या, खासगी ईमेलसाठी आखलेल्या योजनेचं नाव. योजना कुणी फारशी वापरली नाही, फायलीची पद्धत मात्र टिकली. घर पडलं आणि दरवाजा राहिला, तसं. या फायलीला आणखी एक आज्ञा द्यायची, 'चमॉड ६००'. म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचायचंही नाही. आणि परवलीचा शब्द घातला असेल तर टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. किती अक्षरं आहेत हेही शेजाऱ्याला कळू नये. मला हा अदब फार आवडला.

अशा विषयावर लिहिलं की एक निरोप हमखास येतो, व्हॉट्सॲपवर फिरत असतो तोच. 'हे सगळं मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच शोधलं होतं.' अल-किंदीचं नाव त्यात असतंच. अल-किंदी नवव्या शतकातला, बगदादचा. गुप्त मजकूर उलगडण्यावर त्याने रिसाला लिहिला, त्याचं हस्तलिखित इस्तंबूलला सापडलं, हे खरं आहे. इंग्रजीतला 'सायफर' हा शब्द आपल्या 'सिफर'वरून, म्हणजे शून्यावरून गेला, हेही खरं. पण अल-किंदीने कुलूप बनवलं नव्हतं, त्याने फोडायची रीत सांगितली. भाषेत कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, गुप्त मजकुरात कुठली खूण किती वेळा येते ते मोजायचं, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. अभिमान बाळगायचा तर या मोजण्याचा बाळगावा. आपल्यापैकी किती जणांनी उर्दूतली अक्षरं मोजून पाहिलीत? आपल्याच काळातला माणूस हवा असेल तर ताहेर एलगमाल आहेत. जन्म कैरोचा. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःची चावीपद्धत मांडली, पुढे नेटस्केप कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ होते. आज आपण ज्याला वेबसाइटचं कुलूप म्हणतो त्या एसएसएलच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा. व्हॉट्सॲपवर त्यांचं नाव मला अजून दिसलेलं नाही.

असो. चावी झाली की दाखल्यासाठी अर्ज. 'रेक' म्हणजे तोच, विनंती अर्ज. संगणक एकेक रकाना विचारत जातो. देश, दोन अक्षरांत. राज्य. गाव. संस्था. विभाग. नाव. देशाच्या रकान्यात आधीपासून 'एयू' भरलेलं असतं, म्हणजे ऑस्ट्रेलिया. याचं कारण ओपनएसएसएल ज्या जुन्या प्रोग्रामवर उभं आहे तो एरिक यंग आणि टिम हडसन यांनी तिकडे लिहिला. १९९८ पासून ओपनएसएसएल या नावाने तो जगभर गेला, तरी माहेरचा पत्ता तसाच राहिला. कुठला रकाना रिकामा सोडायचा असेल तर नुसता एक ठिपका द्यायचा.

आयुष्यात मी पुष्कळ अर्ज भरलेत. स्वतःचे, मुलांचे, विद्यार्थ्यांचे तर शेकड्यांनी. या अर्जात बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, धर्म नाही, जात नाही. पहिल्यांदा भरताना मी काही वेळ नुसती बघत बसले. हा साचा १९८८ च्या एक्स.५०९ नावाच्या प्रमाणातला. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखी जगभरची एक यादी करू, या विचारातून तो निघाला. माझ्यासारख्या छोट्या वेबसाइटसाठी तर यातलं बहुतेक सगळं निरुपयोगीच आहे. दाखला देणारा फक्त एवढंच तपासतो, की हा वेबपत्ता खरोखर तुझ्या ताब्यात आहे का. तू कोण, हे विचारत नाही.

आणि अर्जाबरोबर जाते ती उघड चावी. गुप्त चावी आपल्याच यंत्रावर राहते. हे मी अधोरेखित करते, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे. दाखला देणाऱ्याला आपली गुप्त चावी कधीच लागत नाही. कुणी मागत असेल तर त्याला विषय कळलेला नाही, नाहीतर फार चांगला कळलेला आहे.

दाखला हातात आला की 'एक्स५०९' ही आज्ञा देऊन तो वाचता येतो. कुणाला दिला, कुणी दिला, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली देणाऱ्याची सही. देणाऱ्याचाही दाखला असतो, त्यावर त्याच्या वरच्याची सही. अशी साखळी. 'व्हेरिफाय' म्हटलं की संगणक एकेक कडी तपासत वर जातो. मला लगेच इस्नाद आठवली, मदरशात ज्यांनी थोडंफार वाचलंय त्या कुणालाही आठवेल. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या उस्तादाकडून, त्याने सहाबींकडून. मजकुराच्या आधी माणसांची साखळी. या साखळीला शब्द आहे सनद, आणि मराठीत राजाने दिलेल्या हक्काच्या कागदालाही सनदच.

पण साम्य इथवरच. इमाम बुखारींचा इंतकाल हिजरी २५६ चा, म्हणजे इसवी सन ८७०. त्यांच्या काळातले मुहद्दिस साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी करत. खरं बोलतो का? स्मरणशक्ती कशी आहे? माणूस नेक असला तरी विसराळू असेल तर त्याची रिवायत कच्ची. आणि ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला हा भेटला तरी होता का? माणसांच्या या माहितीचं वेगळं शास्त्रच झालं. संगणक यातलं काही विचारत नाही. सही जुळते का आणि तारीख उलटली का, एवढंच बघतो. साखळीच्या टोकाला जो मूळ दाखला असतो, त्यावर सही कुणाची? त्याची स्वतःचीच. 'मी मीच आहे.' त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो एवढ्यासाठी, की ब्राउझर किंवा विंडोज बनवणाऱ्यांनी त्याचं नाव आपल्या विश्वासाच्या पेटीत ठेवलंय. रावींची चौकशी तिथे होते, हिशेबतपासनीस लावून. आपल्याला त्याची गंधवार्ता नसते.

एक कडी किडली तर काय होतं, ते २०११ मध्ये दिसलं. डिजिनोटार ही नेदरलँड्समधली दाखले देणारी कंपनी. कुणीतरी तिच्या यंत्रणेत घुसलं आणि पाचशेहून जास्त खोटे दाखले काढले. त्यात गुगलच्या नावाचाही होता. तो वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल मधल्या मध्ये वाचलं गेलं. कुलूप दिसत होतं, दाखला 'खरा' होता, साखळी शाबूत होती. उघडकीला आलं ते क्रोम ब्राउझरमुळे. गुगलचे अस्सल दाखले कुणाकडून येतात हे त्याला वेगळं शिकवून ठेवलेलं होतं. इराणातल्या एका वापरणाऱ्याच्या पडद्यावर इशारा आला आणि त्याने तो जगाला दाखवला. महिन्याभरात डिजिनोटारचं दिवाळं निघालं. काज्जाब ठरलेल्या रावीच्या सगळ्याच रिवायती बाद होतात, तसं ब्राउझरवाल्यांनी तिचं नावच पेटीतून काढून टाकलं.

आपल्याकडेही २०१४ च्या जुलैत एनआयसीच्या दाखले देणाऱ्या शाखेतून गुगलच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाल्याचं गुगलनेच जाहीर केलं. देशातल्या अशा सगळ्या संस्थांवर नियंत्रक असतो, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेला. त्याने ते मधले दाखले रद्द केले. विंडोजच्या पेटीत भारताचं मूळ होतं, म्हणून धोका विंडोजवाल्यांना. फायरफॉक्सच्या पेटीत ते नव्हतं, तिथे काही झालं नाही. कुणाच्या पेटीत कुणाचं नाव, यावर सगळा खेळ.

मुदतीचं थोडक्यात सांगते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून फुकट दाखले देते, ९० दिवसांचे. माझा तिचाच. वहीत माझी एक आवडती आज्ञा आहे, 'चेकएंड २५९२०००'. तीस दिवसांचे सेकंद. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर संगणक तसं सांगतो. मोठ्या ब्राउझर आणि दाखला कंपन्यांनी मिळून आता असं ठरवलंय की १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही वेबसाइटचा दाखला ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. जन्माचा दाखला जन्मभर चालतो अशा देशात हे पचायला जड आहे. पण विचार बरोबर आहे. दाखला म्हणजे दुसऱ्याने आपल्याबद्दल दिलेली ग्वाही, ती शिळी होतेच.

आता ज्याच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ते.

माझी चुलत बहीण मराठवाड्यातल्या एका गावची सरपंच आहे. महिलांसाठी राखीव जागा. २०११ पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. 'सरपंचपती' नावाचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपाच्या घरी तो नाही. दुल्हेभाई ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ते लुडबुड करत नाहीत. गेल्या ईदला मी गेले होते. जेवणं झाली, शीरखुर्मा झाला, आणि बोलता बोलता आपाला विचारलं, "वित्त आयोगाच्या पैशाला तुमच्या दोघांची डिजिटल सही लागते ना, तुझी आणि ग्रामसेवकाची? कशी करतेस?"

"मेरेकू क्या मालूम," आपा म्हणाली. "उनेच करता सब. डोंगल उसकेच पास है."

उने म्हणजे तालुक्याच्या गावी दुकान मांडून बसलेला एक ऑपरेटर. आसपासच्या कितीतरी गावांची कामं त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. त्याने खण उघडला. डोंगलांचा जुडगा, रबरबँडने बांधलेला. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, वर गावाचं नाव, खाली पिन. आपाचं डोंगल त्याने काढून दिलं खरं, पण "उद्या दुपारपर्यंत परत द्या, बिलं टाकायचीत" असं बजावूनच. आपा 'हो' म्हणाली, एखाद्याची वस्तू उसनी आणल्यासारखं.

रात्री लॅपटॉपला लावलं. डोंगल म्हणजे नुसता पेनड्राइव्ह नव्हे. त्याच्या पोटात चिप असते, चावी तिथेच जन्मते आणि तिथेच राहते. आत काय काय आहे ते विचारणारी एक आज्ञा आहे, ती दिली. उत्तरात गुप्त चावीपुढे लिहून आलं, 'नेव्हर एक्स्ट्रॅक्टेबल'. कधीही बाहेर न काढता येणारी. मी आपाला सांगितलं, बघ, ही चावी जगात एकाच ठिकाणी आहे, हिची नक्कल होऊच शकत नाही. आपा म्हणाली, "मग चांगलंच की." चांगलंच. मोठमोठ्या लोकांनी डोकं खपवून अशी व्यवस्था केली की चावी मालकाच्या हातून सुटू नये. आणि आपण अख्खी पेटीच उचलून दुसऱ्याच्या खणात ठेवली, झाकणावर पिन चिकटवून.

मग दाखला वाचला. आपाचं नाव, राज्य, पिनकोड, मुदत, देणाऱ्या कंपनीचं नाव. सगळं नीट. खाली ईमेलचा पत्ता. तो आपाचा नव्हता. आपाला ईमेल नाहीच. तो त्या ऑपरेटरचा निघाला. नोंदणीच्या वेळी त्याने सोयीसाठी टाकला असणार, त्यात मला कपट दिसत नाही. गावातल्या पोस्टाच्या पेटीवर स्वतःचं नाव लिहून टाकावं तसं. पण याचा अर्थ असा, की या दाखल्याबद्दल कंपनी जे काही कळवणार ते त्याला कळणार, आपाला नाही.

कागदावरच्या सहीबद्दल माणूस म्हणू शकतो, ही माझी नाही. अक्षर तपासतात, साक्षी काढतात. डिजिटल सहीचं तसं नाही, ती जुळली की जुळली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं, की गुप्त चावी आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याचा दाखला त्याने घ्यायची. चावी हातची गेली तर दाखला देणाऱ्याला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच. मी कलम वाचून दाखवलं, तसं आपा गप्प झाली. मग तिने एकच विचारलं, "दोन वर्षांत माझ्या नावाने कशाकशावर सह्या झाल्या, ते यात दिसतं?" नाही दिसत. चिप सही करते, वही ठेवत नाही. ती यादी पंचायतीच्या कागदांतूनच काढावी लागणार.

तो ऑपरेटर चोर आहे असं मी म्हणत नाही. पैसा इकडचा तिकडे झाल्याचा एक कागदही आमच्याकडे नाही. उलट त्याच्यावाचून त्या गावांचं कामच चालत नाही, कारण कुणाही सरपंच बाईला हे शिकवायला कुणी गेलं नाही. प्रशिक्षणं होतात, फोटो निघतात, चहा-बिस्किटं होतात. डोंगल हातात देऊन 'ही तुमची सही, पिन तुम्हीच टाका' एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात, ती कुणाला सापडत नाहीत. आणि मुसलमान बाई सरपंच असेल तर उद्या काही निघालंच तर सुरुवात कुणापासून होईल, हे आपाला मी सांगायची गरज नव्हती. तिनेच सांगितलं.

आपाने जुना दाखला रद्द करायला टाकला. नवा काढला, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. भाचीने ईमेल उघडून दिला. ओळख पटवायला कॅमेऱ्यापुढे स्वतःचं नाव बोलायचं असतं. ते तीनदा करावं लागलं, पहिल्या दोन वेळी ती पदर सावरण्यातच गुंतली. पिन तिने ठरवला, मलाही सांगितलेला नाही. डोंगल कुठे ठेवते तेही नाही.

आता बिलाची फाइल तयार झाली की ग्रामसेवकाचा फोन येतो आणि आपा एसटीने तालुक्याला जाते. ऑपरेटर म्हणतो, "ताई, एवढा अविश्वास?" गावात कुजबुज आहे, बाईमुळे पेमेंट अडतं. एकदा खरंच आठ दिवस अडलं, दुल्हेभाईंनी फोनवरून समजावलं की कशाला सगळ्यांशी वाकडं. सही करण्याआधी ती आता कागद वाचते, आणि वाचला की प्रश्न पडतात. नालीच्या कामाच्या बिलात लांबी लिहिलेली होती, तीवर तिचं बोट अडलं. मागच्या रविवारी मी फोन केला तर ती शेजारच्या पोराला घेऊन, हातात मोजायची टेप धरून नालीवर उभी होती. "बादमें बोलती," म्हणाली आणि फोन ठेवला.